बाळ पेटीत आहे

मराठवाड्यात कुणाकडं बाळंतपण झाल्याचा फोन यावा आणि पलीकडून 'बाळ पेटीत आहे' एवढंच कळावं, की पुढचं कुणी विचारत नाही. दिवस भरले नव्हते, वजन कमी भरलं, नाहीतर जन्मल्याबरोबर रडलं नाही, यांपैकी काहीतरी झालेलं असतं. मग घरातली दोघंतिघं डबे-चादरी घेऊन छत्रपती संभाजीनगरची वाट धरतात. तिथल्या 'घाटी' या सरकारी रुग्णालयाच्या आवारात जालना, बीड, परभणी, हिंगोली, पार बुलढाण्याकडची माणसं अशीच जिन्याच्या कडेला पथारी टाकून बसलेली दिसतात. आत बाळ, बाहेर गाव.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बहिणीच्या मुलीचं बाळ असंच पेटीत होतं. शहरातल्याच एका रुग्णालयात, बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं, वजन 1,400 ग्रॅम. आता बहुतेक बाळांना बंद काचेत ठेवत नाहीत. वरून ऊब देणारा वॉर्मर असतो, कावीळ दिसली तर निळा दिवा लावतात, श्वास कमी पडला तर नाकाशी हवेचा दाब देणारी नळी बसवतात. पण लोकांच्या तोंडी शब्द पेटीच आहे, आणि तो शब्द मला आवडतो. मोलाची वस्तू आपण पेटीत ठेवतो.

भाचीच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, पैठण तालुक्यातल्या. बांधावरच्या बाभळीला झोळी बांधून तीन लेकरं वाढवलेली बाई. मिक्सरमधली चटणी त्यांना चालत नाही, फ्रिजमधलं कालचं कालवण चालत नाही. नातवाला एवढ्या तारा-नळ्या लावलेल्या पाहून त्या हाय खातील, निदान अंगारा-धुपारा काढतील, असं आम्हां शहरातल्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्यांनी यंत्राबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच, की रात्री आत कोण असतं?

त्या प्रश्नामागं एक रात्र होती. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. दहा बाळं गेली, सात वाचवता आली. ती बातमी पुढं कितीतरी दिवस टीव्हीवर चालली आणि खेड्यापाड्यांतल्या आज्यांनी ती पाहिली. पेटीवरचा त्यांचा विश्वास त्यानंतरही उडालेला नाही. त्यांनी फक्त पेटीशेजारी कोण, हे विचारायला सुरुवात केली. विहीणबाईंनी दोनच दिवसांत तिन्ही पाळ्यांच्या सिस्टरांची नावं, त्यांची गावं आणि त्यांना लेकरं किती, इथपर्यंत माहिती काढली. मग त्या निवांत झोपल्या.

नव्या यंत्रांबद्दल लोकांना काय वाटतं, हा विषय घेऊन मी वर्षभर या शहरात आणि आसपासच्या गावांत फिरले. 'सामान्य माणूस नव्याला भितो' आणि 'आजकालचे लोक यंत्राच्या आहारी गेलेत' ही दोन्ही वाक्यं भाषणांत ऐकायला मिळतात. मला भेटलेली माणसं दोन्हींत बसली नाहीत. विहीणबाईंचाच प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू आला. सोबत कोण आहे? आणि काही झालं तर धरायचं कुणाला?

पेटीचा इतिहासही हेच सांगतो. 1880 च्या सुमारास पॅरिसमधले प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निये यांनी प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवायचं यंत्र पाहिलं आणि तसंच बाळांसाठी करवून घेतलं. रुग्णालयांना ते लगेच पटलं नाही. अमेरिकेत मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थांनी तर कोनी आयलंडच्या जत्रेत 1903 पासून चाळीस वर्षं अपुऱ्या दिवसांची बाळं पेटीत ठेवून सांभाळली. खर्च निघावा म्हणून बघणाऱ्यांना तिकीट असायचं, आईबापांकडून मात्र पैसा घेतला जात नसे. तिथली परिचारिका आपल्या बोटातली अंगठी बाळाच्या मनगटात सरकवून दाखवायची. बाळ केवढंसं आहे ते लोकांना कळायचं, आणि त्याला उचलून घेणारे हातही दिसायचे. लोकांची भीती कमी करायला त्या अंगठीचा उपयोग काचेपेक्षा जास्त झाला असावा, असं मला वाटतं.

याच पेटीला पुढं एक जोडीदार मिळाला. 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांच्याकडं पेट्या कमी पडत होत्या, एकेका पेटीत दोन-दोन बाळं ठेवून संसर्ग पसरत होता. त्यांनी बाळं आयांच्या उघड्या छातीशी बांधली. ही गरिबाघरची तडजोड आहे, असं पुष्कळांना कितीतरी वर्षं वाटत राहिलं. 2021 साली भारत आणि आफ्रिकेतले चार देश मिळून झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवलं, तर मृत्यू 25 टक्क्यांनी कमी होतात, असं दिसलं. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तशी शिफारसच केली. आमच्या बाळाला भाची दमली की विहीणबाई छातीशी घेत. लुगड्याच्या पदराखाली नातू, शेजारी मॉनिटरची टिकटिक, आणि आकडा खाली गेला की सिस्टरला हाक मारणारी बाई. एकोणिसाव्या दिवशी बाळ घरी आलं.

आमच्या शहरात पाहुणा आला की त्याला आपण पाणचक्की दाखवायला नेतो. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याला लागून असलेली ही जागा खरं तर एक यंत्रशाळा आहे. उत्तरेच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून काही मैल आणायचं, उंचावर चढवायचं आणि तिथून पाडून त्याच्या जोरावर जातं फिरवायचं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं या शहराला नहरींनी पाणी दिलं, त्याच विद्येचं हे पुढचं काम. पीठ व्हायचं ते फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी, आसऱ्याला आलेल्यांसाठी. तीनशे वर्षांनंतरही लोक त्या हौदापाशी मनानं निवळतात. यंत्राला या शहरानं कधी परकं मानलेलं नाही. सिडको-हडकोत दूरदर्शनचं केंद्र आलं तेव्हा सगळ्या भागाचंच नाव 'टीव्ही सेंटर' पडलं. वाळूजचा भाग तर कारखान्यांच्या पाळ्यांवरच जगतो.

पण जात्याची दुसरी बाजूही आहे. घरोघरचं जातं विजेच्या गिरणीनं थांबवलं, आणि त्याबद्दल कुठल्याही बाईनं हळहळू नये, इतकं ते काम जीवघेणं होतं. पहाटे उठून पायलीभर दळायचं आणि मग दिवस सुरू करायचा. तरी त्या दळणाबरोबर ओवी होती, आणि ओवीत लेकरू होतं, माहेर होतं, भाऊ होता. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या आज ऐकता तरी येतात. गिरणीनं बायांचे खांदे वाचवले. ओवी कुठं ठेवायची, हे मात्र गिरणी आणणाऱ्यांच्या मनातही आलं नाही. मुलं वाढवायला मदत करणारी यंत्रं घरात येताना मला सारखं हे आठवतं.

ती आलीच आहेत. मोटरवर झुलणारा पाळणा गुलमंडीच्या आणि औरंगपुऱ्याच्या दुकानांतून आता सहज मिळतो, गाणीही त्यातच असतात. आणि सगळ्यांत मोठं यंत्र म्हणजे हातातला मोबाईल. लेकरू जेवत नाही, मोबाईल लावा. रडतंय, मोबाईल द्या. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे, की दोन वर्षांच्या आत पडदा अजिबात नको, फक्त दूरच्या नातेवाइकांशी व्हिडिओ कॉलवर बोलणं चालेल. दोन ते पाच वर्षांपर्यंत जास्तीत जास्त एक तास, तोही कुणीतरी सोबत बसून. हे बरोबरच आहे, आणि ते प्रत्येक आईबापापर्यंत पोचायला हवं.

मात्र ही शिफारस हातात घेऊन आयांना नावं ठेवणारे लोक पाहिले की मला राग येतो. वाळूजला दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहणारं जोडपं डोळ्यांपुढं आणा. तो रात्रपाळीहून येऊन झोपलेला, ती एकटी, सासू गावाकडं शेतात, शेजारी परप्रांतातले. स्वयंपाक, धुणं, पाण्याची वेळ आणि अडीच वर्षांचं पोर. पूर्वी याच वेळात पोराला बघायला आजी असायची, आत्या असायची, अंगणात दहा घरची पोरं असायची. ती सगळी माणसं त्या खोलीतून आधीच गेलेली आहेत. रिकाम्या झालेल्या जागेवर मोबाईल येऊन बसला. त्या बाईच्या हातून मोबाईल काढून घ्यायचा तर तिथं कोण येणार, ते आधी सांगायला हवं.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं हे सांगितलं, म्हणून मला त्या गावाचं मोल वाटतं. 15 ऑगस्ट 2022 ला गावानं ठरवलं, की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल आणि दीड तास घरोघरचे मोबाईल, टीव्ही बंद राहतील. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनीही आपापले मोबाईल बाजूला ठेवायचे. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. दोन्ही गावांची कळकळ खरी आहे. पण पहिल्या गावात आईबापांनीही स्वतःला बांधून घेतलं, आणि मला तो रस्ता जास्त दूर नेणारा वाटतो.

आता अंगणवाडीकडं येते. यंत्राबद्दलचं लोकमत महाराष्ट्रात सगळ्यांत ठळकपणे तिथं दिसलं.

अंगणवाडी हा शब्द आपला आहे. ताराबाई मोडकांनी बोर्डीच्या आदिवासी पाड्यांत मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात नेली, अनुताई वाघांनी ते काम कोसबाडच्या टेकडीवर आयुष्यभर चालवलं. पुढं 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, देशभरातल्या 33 ठिकाणांपासून. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. सेविकेची हत्यारं पूर्वीपासून साधी होती. पोराला झोळीत टांगून वजन करायचा साल्टर काटा, दंडाला गुंडाळायची तीनरंगी पट्टी. पट्टी 11.5 सेंटिमीटरच्या खाली तांबड्यात आली की पोर तीव्र कुपोषित. हे पट्टी धरणाऱ्या सेविकेलाही कळतं आणि समोर बसलेल्या निरक्षर आईलाही. दोघी एकच रंग बघतात.

2019 मध्ये सेविकांना सरकारी मोबाईल मिळाले. मार्च 2021 पासून केंद्राचं पोषण ट्रॅकर हे ॲप आलं. हजेरी, उंची, वजन, आहारवाटप, गृहभेटी, सगळं त्यात भरायचं. मोबाईल दोन जीबी रॅमचा, त्यावर ते ॲप धड चालेना. मोबाईल तापायचा, मध्येच बंद पडायचा, बिघडला तर दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी. ॲप इंग्रजीत, आणि भरणाऱ्या कितीतरी जणी सातवी-दहावी मराठीतून शिकलेल्या. मानधन तेव्हा आठ हजारांच्या आसपास. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते मोबाईल पोत्यांत, पिशव्यांत भरून प्रकल्प कार्यालयांत परत नेऊन दिले.

त्या दिवसांत, या बायकांना शिकायलाच नको, असं बोलणारे पुष्कळ होते. ज्या सेविकांशी मी बोलले त्यांतल्या बऱ्याच जणी स्वतःच्या मोबाईलवर भिशीचा हिशोब ठेवतात, बचत गटाचा ग्रुप चालवतात, मुलांचे प्रवेशअर्ज भरतात. लॉकडाऊनमध्ये त्यांनी गाणी-गोष्टी रेकॉर्ड करून घरोघर पाठवल्या, त्या कुणाच्या सांगण्यावरून नव्हे. त्यांचं दुखणं दुसरं होतं. माहिती भरली गेली नाही की दोष सेविकेचा. नेटवर्क कंपनीचं, ॲप दिल्लीचं, मोबाईल मुंबईच्या खरेदीतला, आणि उत्तर द्यायचं ते खुलताबाद-कन्नडच्या एखाद्या वस्तीवरच्या बाईनं. ज्या यंत्राच्या कुठल्याच भागावर आपला हात चालत नाही, त्याचा जाब मात्र आपल्याला, हे त्यांनी नाकारलं. मोबाईल परत करणं हे मला त्या काळातलं अतिशय शहाणं पाऊल वाटतं. भाषा, मोबाईल, खर्च या गोष्टींची चर्चा त्यानंतरच वरपर्यंत गेली, मोर्चांमधून आणि न्यायालयातूनही.

याच ॲपवर 1 जुलै 2025 पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा जुळवून पाहणं सक्तीचं झालं. आहार खऱ्या लाभार्थ्यालाच मिळावा, हा हेतू चांगला आहे. पण त्यासाठीचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो, तो नंबर नवऱ्याचा, आणि नवरा टोळीबरोबर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा पुण्याला कामावर. बाळंतीण ओट्यावर उभी, सेविका मोबाईल आभाळाकडं धरून रेंज शोधते आहे. दोघी एकमेकींना लहानपणापासून ओळखतात. ही सरूची सून आहे, हे सेविकेला माहीत आहे, यंत्राला पटत नाही. जिथं ओळख होती तिथं ओळख पटवायची वेळ आणली, हे मला मनापासून खुपतं. सेविकेचा शब्द पुरावा म्हणून धरायची एक वाट त्या ॲपमध्ये असायलाच हवी.

यंत्र असं असावं लागतं असं मात्र नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं मुलांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजायचं एक साधन केलं. एका मिनिटाची वाळूची घडी आणि सरकवायचे मणी. मोजता न येणारी दाईही त्यावरून बाळाचा श्वास जास्त आहे की नाही ते सांगू शकायची. पुढं घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचं त्यांचं काम 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये आलं, तेव्हा त्या गावांतले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटलेले होते. ते साधन करणारे आधी दाईच्या शेजारी जाऊन बसले होते, तिचे हात त्यांनी पाहिले होते.

आणि गाडीवाट. शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवरचं गाव, जिल्हा परिषदेची शाळा. 2019 मध्ये शाळेनं चौथी ते आठवीच्या मुलांना विचारलं, की कोणती परकी भाषा शिकायची? बहुतेक मुलांनी जपानी मागितली. कारण विचारलं तर म्हणाली, आम्हाला रोबोट आणि तंत्रज्ञान शिकायचंय. शाळेत जपानी येणारं कुणी नव्हतं, पुस्तकं नव्हती. शिक्षकांनी इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची ॲप हाताशी धरून सुरुवात केली. पुढं शहरातल्या एका जपानीच्या जाणकारांना हे कळलं आणि 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ते विनामूल्य ऑनलाइन शिकवू लागले. रस्ता धड नव्हता, इंटरनेट धड नव्हतं, स्मार्टफोन सगळ्या घरी नव्हते. म्हणून 'विषयमित्र' निघाले. ज्यांना तास बघायला मिळायचा ती मुलं पारावर, ओट्यावर बसून बाकीच्यांना शिकवायची.

ही बातमी वाचली तेव्हा मला डोरेमॉन आठवला. आपल्याकडचं प्रत्येक पोर त्याला ओळखतं. 1969 च्या अखेरीस जपानी मासिकांतून आलेली ती निळी रोबोट मांजर, बाविसाव्या शतकातून पाठवलेली, कशासाठी, तर नोबिता नावाच्या रडक्या, मागं पडलेल्या पोराला वाढवायला. पोटाच्या खिशातून तो वाटेल ते यंत्र काढतो, आणि प्रत्येक वेळी यंत्र देऊन झाल्यावर नोबिताच्या खोलीतच बसून राहतो. रागावतो, समजावतो, त्याच्याबरोबर जेवतो. मुलांना त्याचा खिसा आवडतो हे खरंच, पण घरी कुणी नसलेल्या दुपारी तो जो बसून राहतो, तेही त्यांना आवडत असणार. गाडीवाटच्या मुलांच्या मनात काय होतं ते मी त्यांच्या वतीनं सांगणार नाही. त्यांनी रोबोट मागितला आणि तो येईपर्यंत एकमेकांचे विषयमित्र झाले, एवढं मात्र समोर दिसतं.

जुलै 2025 मध्ये नागपूरजवळच्या वडधामन्यात आभासी जग दाखवणारे चष्मे आणि स्मार्ट फळा असलेली कृत्रिम बुद्धिमत्तेची अंगणवाडी सुरू झाली. मुलं हौसेनं येतात, हे चांगलंच. मराठवाड्यात तशी अंगणवाडी येईल तेव्हा मी बघायला जाईन, आणि आधी सेविकेला भेटेन. तिला चष्मा चालवता येतो का हे मी विचारणार नाही. तो बिघडल्यावर तिच्या पगारातून काही कापलं जातं का, ते विचारेन.

आमचं बाळ घरी आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी विहीणबाईंच्या गावची आशाताई आली. पिशवीत वजनाची झोळी, थर्मामीटर, घड्याळ, आणि मोबाईल. आधी तिनं हात धुतले. बाळाच्या पोटावरचं दुपटं बाजूला केलं आणि डोळे पोटावर ठेवून श्वास मोजू लागली. मिनिटाला साठच्या वर गेले तर तालुक्याला न्यायचं. विहीणबाई दाराशी बसून तिच्याबरोबर मनातल्या मनात मोजत होत्या, ओठ हलत होते. तेवढ्यात आशाताईचा मोबाईल वाजला. कार्यालयातून असावा. तिनं बघितलं नाही. मोजणं चालूच राहिलं. अठ्ठेचाळीस, असं ती म्हणाली, आणि विहीणबाई म्हणाल्या, माझे पन्नास भरले, पुन्हा एकदा मोज.